ग्रामसभा गेली, आता बोलायचं कुठे?

किरकटवाडीच्या ताईंनी विचारलंय : गाव पुणे महापालिकेत गेलं, ग्रामसभा बंद झाली. नळाला गढूळ पाणी येतं, ड्रेनेज रस्त्यावर वाहतं. हे मुख्य सभेत जाऊन मांडता येईल का?

ताई, पाण्यासाठी कुठल्याही बैठकीची वाट पाहू नका. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे (गिलियन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण तुमच्याच पट्ट्यात, किरकटवाडी आणि शेजारच्या नांदेड गावाकडे सापडले होते. आजच पाणीपुरवठा आणि आरोग्य खात्याला लेखी कळवा, तुमच्या नळाशी येऊन ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का, याची तपासणी) करायला लावा. तोवर पाणी उकळूनच प्या.

आता ड्रेनेज. मुख्य सभेत नगरसेवक बोलतात, आपण वरच्या गॅलरीतून ऐकायचं. आमची धायरी २०१७ च्या ११ गावांबरोबर आत गेली, तुमचं गाव २०२१ च्या २३ गावांत. ग्रामसभेत माणूस उभा राहिला की सरपंचाला उत्तर द्यावंच लागायचं. त्याच सवयीने मी महापालिका भवनात गेलो, दोन तास बसलो आणि एक शब्द न बोलता परत आलो. तिथे माणसाच्या आधी कागद पोचावा लागतो, हे त्या दिवशी कळलं.

तुमच्या कामाची बैठक प्रभाग समितीची, म्हणजे तुमच्या भागातल्या नगरसेवकांच्या समितीची. ड्रेनेज, कचरा, रस्ते हेच तिथले विषय, आणि खात्याचे अधिकारी समोर असतात. तारीख क्षेत्रीय कार्यालयात (वॉर्ड ऑफिसात) विचारा. आठ-दहा दिवस आधी अर्ज देऊन पोच घ्या, एक प्रत नगरसेवकांना द्या आणि विषय विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा. मार्च २०२२ नंतर नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे होता; त्या काळात लोकांचा हा रस्ताच मोडला. तो पुन्हा तयार करायला हवा.

अर्ज मात्र नीट लिहा. "आमच्याकडे ड्रेनेज तुंबतं" असा आमचा पहिला अर्ज तीन महिने पडून होता. दुसऱ्यांदा लिहिलं : देवळासमोरचा विजेचा खांब, त्याचा नंबर, शेजारचं चेंबर, सकाळी सात ते नऊ भरून वाहतं, पाण्याची लाइन तिथून दोन फुटांवर. वहीच्या पानावर नकाशा काढून जोडला. चौथ्या दिवशी कनिष्ठ अभियंता जागेवर आले. झाकण काढल्यावर दिसलं, की ग्रामपंचायतीच्या काळात थोड्या घरांसाठी टाकलेली सहा इंची लाइन आता चार इमारतींचं पाणी ओढतेय.

मग उत्तर आलं, "तरतूद नाही." खरी अडचण इथे येते. २००६ पासून महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. पण एका कामाला साधारण ५ लाखांची मर्यादा असल्यामुळे मोठी लाइन त्यात बसत नाही. ती नगरसेवक सुचवतात त्या कामांच्या 'स' यादीतून किंवा खात्याच्या तरतुदीतूनच करून घ्यावी लागते, आणि अंदाजपत्रक ठरण्याआधी मागे लागावं लागतं. आम्ही एक वर्ष उशिरा जागे झालो आणि आणखी एक पावसाळा त्याच घाणीतून चाललो. मुलं शाळेत जाताना बूट हातात घ्यायची.

एवढं करूनही कोणी दाद दिली नाही, तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तक्रारी ऐकायचा लोकशाही दिन आहे. अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा, सोबत जुन्या पोचपावत्या लावायच्या.

उद्या सकाळी खांबाचा नंबर टिपून घ्या. अर्जाचा कच्चा मसुदा टाका, मी रात्री पाहून देतो.