पऱ्हाटीच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल

प्रश्न : उलंगवाडी (कापसाची शेवटची वेचणी) झाली की आमच्याकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून धुऱ्यावर जाळतात. कॉलेजात आम्ही तिचा भुसा सौम्य आम्लात शिजवला. साखर निघाली, पण लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू त्या रसात वाढलेच नाहीत. काय चुकलं? (घाटंजी, जि. यवतमाळ)

उत्तर : साखर निघाली ती शिजवण्यामुळे, आणि जिवाणू अडले तेही शिजवण्यामुळेच. आम्ल आणि उष्णतेने काही झायलोज (लाकडातून निघणारी साखर) मोडून फरफ्युरल तयार होतं, शिवाय लाकडातून ॲसिटिक आम्ल सुटतं. दोन्ही जिवाणूंना मारक. म्हणून खरी मेहनत रस स्वच्छ करण्यात आहे.

मुळं छाटून पऱ्हाटी आधी धुवा. काळ्या मातीतला चुना आम्ल खाऊन टाकतो. १०० ग्रॅम कोरड्या भुशाला १ लिटर पाणी आणि साडेपाच मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घ्या. आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीच नको. चष्मा आणि हातमोजे हवेतच. काचेच्या फ्लास्कमध्ये ऑटोक्लेव्हला (दाबाच्या वाफेवर तापवणारं प्रयोगशाळेतलं यंत्र) १२१ अंशांवर तासभर ठेवा. घरचा ॲल्युमिनियमचा कुकर वापरू नका, आम्ल त्याला खातं.

रस फडक्यातून गाळून ५० अंशांवर ठेवा आणि पीएच १० होईपर्यंत चुन्याची निवळी नव्हे, विरवलेला चुनाच घाला. अर्धा तास ढवळून जिप्समचा गाळ काढा. यापुढे चुना वाढवला तर साखरच नासते. मग सौम्य आम्लाने पीएच ६ वर आणा, पुन्हा गाळा, आणि लिटरला २० ग्रॅम सक्रिय कोळसा घालून तासभर ढवळून तोही गाळून टाका. ॲसिटिक आम्ल चुन्याने जात नाही, म्हणून पहिलं विरजण निम्म्या पाणी घातलेल्या रसात वाढवून जिवाणूंना सवय लावा.

जिवाणू कोणता, हेही पाहा. लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी ग्लुकोजवर चालतो, पण या रसात मुख्यतः झायलोज असतं. लॅक्टोबॅसिलस पेंटोसस झायलोज खातो, पण १ ग्रॅममधून फार तर ०.६ ग्रॅम लॅक्टिक आणि ०.४ ग्रॅम ॲसिटिक आम्ल देतो. त्यापेक्षा बॅसिलस कोॲग्युलन्स घ्या. तो झायलोजचं बहुतांश लॅक्टिक आम्लच करतो, आणि ५० अंशांवर वाढत असल्याने बाहेरचे जंतू कमी शिरतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या जिवाणू संग्रहाकडे चौकशी करा.

जिवाणूंना खाद्य म्हणून लिटरला १० ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट (यीस्टचा अर्क) घाला, पण ते वेगळं निर्जंतुक करून. साखरेसोबत तापवलं तर रस काळवंडतो. तयार होणारं आम्ल शमवायला २० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट घाला आणि फ्लास्क हलवत ठेवा, नाहीतर ते तळाशीच बसतं. फेस आला तर घाबरू नका. तो बहुधा कार्बोनेटमधून सुटलेला वायू असतो, त्यावरून यीस्ट शिरलं असं ठरवू नये. उग्र आंबूस वास आला तर मात्र दुसरा जंतू शिरल्याची शंका घ्या.

विक्रीचा विचार आत्ता करू नका. लिटरमागे दहा-बारा ग्रॅम आम्लासाठी बाकी सगळं पाणी आटवावं लागतं. इंधनाचाच खर्च अंगावर येईल. शिकण्यासाठी मात्र हा प्रयोग उत्तम. उरलेला चोथा धुऊन वाळवा, जळणाला चालतो.

प्रश्न : आरामशीनवरचा सागाचा भुसा चालेल का? (आरमोरी, जि. गडचिरोली)

उत्तर : सागात बुरशी-किडीला रोखणारी टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात, ती किण्वनालाही (आंबवण्यालाही) त्रास देऊ शकतात. तुमच्याकडे बांबू मुबलक आहे. त्याच्या भुशात झायलोज देणारा भाग भरपूर असतो, आणि कृती वरचीच.