मळ्यात रोज बिबट्या दिसतोय, तरी पिंजरा लावून त्याला लांब का नेऊन सोडत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की दिंडोरीकडच्या तुमच्या मळ्यात पंधरा दिवसांपासून बिबट्या फिरतोय, अर्ज देऊनही पिंजरा लागला नाही, सरकारला माणसापेक्षा जनावर प्यारं आहे का. मी निफाड तालुक्यातला, आमची वस्ती उसाला खेटूनच आहे, घरात लहान पोरं आहेत, त्यामुळे तुमची भीती मला नीट कळते.

आधी कायद्याचं सांगतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच ओळीत. कलम 11 प्रमाणे तो माणसाच्या जिवाला धोकादायक झालाय असं मुख्य वन्यजीव रक्षकांना, म्हणजे नागपूरला बसणाऱ्या अधिकाऱ्यांना, पटलं तरच त्याला पकडायची त्यांची लेखी परवानगी मिळते. नुसता बांधावर दिसला हे त्यात बसत नाही.

पण खरं कारण कायद्यापेक्षा अनुभवाचं आहे. जुन्नरला 2001 नंतर भराभर बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडले, आणि हल्ले कमी व्हायचे सोडून वाढले, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी त्याचा अभ्यास केलाय. सोडलेला बिबट्या तिथं थांबतच नाही हो. 2009 ला नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला एक नर, माग कळावा म्हणून गळ्यात जीपीएस कॉलर लावून, माळशेजला सोडला तर तो चालत चालत थेट बोरिवलीच्या नॅशनल पार्कला पोचला. आणि इकडे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा येतो, त्याला ना आपल्या वस्त्या माहीत ना आपल्या वेळा. म्हणून 2011 च्या केंद्राच्या सूचनांतच आहे की उगाच पकडून हलवू नका. हे धोरण मला पटतं. माणसावर हल्ला झाला असेल तर गोष्ट वेगळी, तिथं पिंजरा लागलाच पाहिजे आणि लवकर लागला पाहिजे.

मला राग येतो तो लाईटचा. शेतीची लाईट रात्री येणार, मग माणूस बारा वाजता बॅटरी घेऊन उसात पाण्याची दारं धरायला वाकणार, आणि वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटतच नाही. पिंजऱ्यासाठी आपण जेवढे मोर्चे काढतो तेवढे दिवसाच्या लाईटसाठी काढायला हवेत, सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे, तुमच्या फीडरचं, म्हणजे शेतीला वीज देणाऱ्या लाईनचं, काय झालं ते विचारत राहा.

शेळी, गाय मारली तर भरपाई मिळते, पण 48 तासांत कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मढं हलवू नका, आमच्या शेजाऱ्यांनी वास नको म्हणून वासरू पुरलं आणि एक रुपया मिळाला नाही. गोठ्याला वरपासून खालपर्यंत जाळी मारा, कुत्रं रात्री आत घ्या, बहुतेक वेळा बिबट्या वस्तीवर येतो तो कुत्र्यासाठीच.

आणि तुमचा ऊस तोडणीला आला असेल तर टोळीला आधीच सांगून ठेवा. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे तोडणी चालू असताना पाचटात तीन पिल्लं सापडली, मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेले. पोरं मोबाईल काढून धावली, माझ्या आईनं सगळ्यांना मागं हटवलं आणि मी वनविभागाच्या 1926 या हेल्पलाईनला फोन लावला. वनविभागाची माणसं आली, हातमोजे घालून पिल्लं द्राक्षाच्या क्रेटमध्ये ठेवली आणि संध्याकाळी तेच क्रेट त्याच सरीत नेऊन ठेवलं, समोर कॅमेरा लावला. आम्ही दारं लावून बसलो, कुणाला झोप नाही. रात्री पिल्लांची आई आली, क्रेट पंजानं आडवं केलं आणि एकेक पिल्लू तोंडात धरून तीन खेपांत नेलं. सकाळी फोटो बघितले. त्यानंतर त्या वावरात ती आम्हाला दिसली नाही, माग मात्र अजून दिसतात ओढ्याच्या कडेला.