‘लढा’ म्हणणाऱ्यांना काय सांगावं?

स्वादुपिंडाच्या कर्करोगाबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार या वेळी घेतो आहे.

प्रश्न : बाबा ६४ वर्षांचे आहेत. गाठ रक्तवाहिन्यांना चिकटलेली असल्यानं ऑपरेशन होणार नाही, केमो सुरू आहे. नातेवाईक रोज ‘अमका कसा लढला’ असे व्हिडिओ पाठवतात. बाबा फोन उलटा ठेवून देतात. त्यांना उभारी कशी द्यायची? (सातारा)

बाबांनी फोन उलटा ठेवला, बरं केलं. ‘लढा’ म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण त्यातून नकळत एक हिशेब तयार होतो, की जो गेला तो कमी लढला. या आजारात तो हिशेब साफ खोटा आहे. जठराच्या मागे, कण्यापुढे दडलेला हा अवयव. तिथली गाठ बरीच वाढेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. अमेरिकेतसुद्धा निदानानंतर ५ वर्षं जगणारे शंभरात साधारण १३ जण. सत्तरच्या दशकात ३ होते.

आपल्याकडे मनोहर पर्रीकरांचं नाव हमखास निघतं. जानेवारी २०१९मध्ये नाकात नळी असताना त्यांनी गोव्याचा अर्थसंकल्प मांडला आणि १७ मार्चला ते गेले. लोकांना त्यात शौर्य दिसतं. मला दिसतो तो आपलं काम हातचं न सोडणारा माणूस. तुमच्या बाबांचं काम कोणतं? उसाचा हिशेब, भजनी मंडळ, नातीचा गृहपाठ? आजारी आहेत म्हणून ते त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

आणि एक अगदी साधी गोष्ट. शौच तेलकट, तरंगणारं होतंय का? पोट फुगतं का? तसं असेल तर अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूलबद्दल डॉक्टरांना विचारा. त्या जेवता जेवता घ्यायच्या असतात, पण बरेच जण जेवणानंतर तासाभरानं घेतात आणि ‘गुण नाही’ म्हणतात. खाल्लेलं अंगी लागायला लागलं की माणूस बोलायला लागतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

प्रश्न : स्टीव्ह जॉब्ज ८ वर्षं जगले. माझ्या भावाला डॉक्टर महिन्यांची भाषा का सांगतात? (ठाणे)

कारण आजार वेगळा. जॉब्ज यांची गाठ न्यूरोएंडोक्राइन होती, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची. ती सहसा संथ वाढते. भावाच्या बायॉप्सीच्या रिपोर्टवर बहुधा ‘ॲडेनोकार्सिनोमा’ लिहिलेलं असेल, तो सहसा झपाट्यानं वाढतो. दहातल्या नऊ जणांचं तेच असतं. आधी तो एक शब्द बघा.

प्रश्न : आईला एका ट्रायलमध्ये येणार का, असं विचारलंय. मामा म्हणतात, ‘तिला प्रयोगाचा उंदीर करतायत.’ घरात दोन तट पडलेत. (नाशिक)

मामांची भीती हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे औषधांच्या चाचण्यांमध्ये गैरप्रकार झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, मगच नियम कडक झाले. २०१९च्या नियमांत चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. मामांनाच कामाला लावा. ट्रायलची सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंद आहे का, ते कुणालाही फुकट बघता येतं. नवं औषध न मिळणाऱ्या, तुलनेच्या गटात पडली तर आईला काय मिळणार, निदान नेहमीची केमो तरी मिळणार ना? जादा स्कॅनचे पैसे कोण भरणार? मधेच सोडायचं ठरवलं तर? (सोडता येतं, कारण सांगावं लागत नाही.) संमतीपत्र मराठीतून मागा, घरी आणा, दोन दिवस राहू द्या. ‘आत्ताच सही करा’ म्हणणाऱ्याला मी तरी नाही म्हणेन.

आता दुसरी बाजू. आज अनेकांना मिळणारी फोल्फिरिनॉक्स ही केमो फ्रान्समध्ये ३४२ रुग्णांवरच्या चाचणीतून आली. २०११मध्ये तिचे निकाल छापले गेले. आजार पसरलेल्या रुग्णांचं मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगतात तो काळ) ६.८ महिन्यांवरून ११.१ महिन्यांवर गेलं. चार महिने! ऐकायला थोडे वाटतात, पण त्यात कुणाच्या घरी लग्न होतं, कुणाकडे बारसं.

राल्फ स्टाइनमन यांची गोष्टही मामांना सांगा. प्रतिकारशक्तीतल्या डेन्ड्रिटिक पेशी शोधणारे हे शास्त्रज्ञ. २००७मध्ये त्यांना हाच कर्करोग झाला आणि आपल्याच शोधावर आधारलेले प्रायोगिक उपचार त्यांनी स्वतःवर करून घेतले. साडेचार वर्षं जगले. ३० सप्टेंबर २०११ला गेले आणि तीनच दिवसांनी त्यांना नोबेल जाहीर झालं. समितीला ते गेल्याचं ठाऊकच नव्हतं. त्या उपचारांनीच आयुष्य वाढलं का? सांगता येत नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, मग तो नोबेलविजेता का असेना. त्यासाठी आईसारखी शेकडो माणसं लागतात. आणि आईनं नाही म्हटलं, तरी तिचं काहीच चुकलं नाही.

प्रश्न : पत्नी या आजारानं गेली. मी पेन्शनर आहे. तिच्या नावानं संशोधनाला ५० हजार द्यायचे आहेत. तिच्या बहिणीलाही स्तनाचा कर्करोग झाला होता. (कोल्हापूर)

काका, पैसे जरूर द्या, पण ‘कशासाठी’ ते लेखी द्या. संशोधन आणि गरजूंचे उपचार हे दोन वेगळे निधी असतात, नुसतं ‘देणगी’ लिहिलंत तर ती कुठे वळेल याचा नेम नाही. माझं मत विचाराल तर ५० हजारांत प्रयोगशाळा हलत नाही, पण लांबून येणाऱ्या रुग्णाच्या गाडीभाड्याची आणि मुक्कामाची सोय होते. भाड्याला पैसे नाहीत म्हणून ट्रायल अर्ध्यावर सोडणारे असतात, आणि तेवढी माहिती संशोधनाच्या हातून जाते. आयकराचं म्हणाल, तर नवी करप्रणाली घेतली असेल तर देणगीवरची करसवलत मिळणार नाही.

पण पत्राच्या शेवटी तुम्ही बहिणीचं सहज लिहून गेलात, माझं लक्ष तिथेच अडकलं. एकीला स्तनाचा, दुसरीला स्वादुपिंडाचा कर्करोग, म्हणजे या दोन्हींचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष घराण्यात असू शकतो. तो आईकडून मुलालाही येतो, मुलीलाही. मेहुणी हयात असतील तर रक्ततपासणी आधी त्यांची करा, म्हणजे नेमकं काय शोधायचं ते कळेल. मग मुलांना जनुकीय समुपदेशकाकडे घेऊन जा. जाताना पत्नीचा बायॉप्सी रिपोर्ट सोबत न्या. ज्या रुग्णालयात बायॉप्सी झाली, तिथे तिचे पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे, त्यांवर पुढेही तपासणी करता येते) अजून असतील, ते टाकून देऊ नका असं एक पत्र आजच द्या.