कीड लागून वाळलेल्या वर्षावृक्षाचं लाकूड हलवायला सरकारी पैसे मिळतात का?

तुम्ही विचारलंय की कोपरखैरण्याच्या तुमच्या सोसायटीतला वर्षावृक्ष पिठ्या ढेकणाने वाळला, कंत्राटदार तोडणीपेक्षा लाकूड उचलायचेच जास्त पैसे सांगतोय, तर यासाठी काही निधी आहे का. मी ठाण्यात आमच्या सोसायटीच्या झाडांचं बघते. एकेका सोसायटीच्या हातात पैसे देणारी योजना माझ्या पाहण्यात नाही. पण पैसा आहे, आणि तो तुम्हीच भरता.

मालमत्ता कराचं बिल काढा, त्यात वृक्ष उपकराची ओळ सापडेल. झाडांच्या संरक्षणाच्या 1975 च्या कायद्याखाली महापालिका तो घेते आणि वृक्ष प्राधिकरणाच्या, म्हणजे झाडांचं काम बघणाऱ्या महापालिकेच्या समितीच्या, कामांसाठी वापरते. वृक्षगणना, रोपवाटिका, लागवड, अगदी फुलाफळांची प्रदर्शनंसुद्धा कायद्यातल्या कामांत नावानिशी आहेत. कीडग्रस्त लाकडाच्या विल्हेवाटीला मात्र स्वतंत्र जागा नाही. म्हणून खाजगी आवारातलं झाड पडलं की खर्च सहसा सोसायटीवरच येतो. मला हे चुकीचं वाटतं. कीड कुंपण बघून थांबत नाही.

आता आधी फांद्या नीट बघा. पिठ्या ढेकूण कोवळ्या फांद्यांवर, पानांच्या बेचक्यात बसतो. कापसासारखा पांढरा थर, त्याखाली चिकट स्राव, त्यावर काळी बुरशी आणि मुंग्यांची रांग. तो लाकूड पोखरत नाही. त्यामुळे खोडाचे ओंडके फार धोक्याचे नाहीत, धोका डहाळ्यांचा आहे. त्या उघड्या टेम्पोत भरून गावभर नेल्या, की पिल्लं वाटेतल्या झाडांवर पडतात. डहाळ्या जागेवरच यंत्राने बारीक करून ताडपत्रीखाली कुजू द्या. जाळू मात्र नका, घनकचऱ्याच्या नियमांत त्याला मनाई आहे.

खोड पोखरणाऱ्या किडीचं प्रकरण वेगळं. अमेरिकेत 2002 साली मिशिगनमध्ये ॲशची झाडं मारणारा आशियाई भुंगा सापडला. त्याची अळी सालीखाली वाढते, त्यामुळे सरपणाबरोबर तो राज्याराज्यांत पोचला. तिथल्या नियमांत अशा लाकडाचा चुरा किमान दोन बाजूंनी 1 इंचाच्या आतला लागायचा. लाकूड वापरात आणणाऱ्या प्रकल्पांना तिथली वनसेवा अनुदानही देत आली आहे. आपल्या शेजारी न्हावाशेवा बंदर आहे, खोक्यांच्या आणि पॅलेटच्या लाकडातून असे किडे प्रवास करतात. म्हणूनच ते लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आपल्याकडे असा किडा शिरेपर्यंत निधीची वाट बघायची का?

केंद्राच्या जैवऊर्जा कार्यक्रमाच्या 2022 च्या सूचनांत लाकूड-पाचोळा दाबून इंधनाच्या विटा-गोळ्या (ब्रिकेट-पेलेट) करणाऱ्या कारखान्याला ताशी एक टन क्षमतेमागे 9 लाख, जास्तीत जास्त 45 लाख रुपये अनुदान होतं. ते कारखानदाराला, तुम्हाला नाही. पण जवळ असा कारखाना असेल तर तो ओंडके उचलेल का, हे विचारायला हरकत नाही.

तोडणीची परवानगी वाळलेल्या झाडालाही लागते. त्याच अर्जात उद्यान विभागाकडे किडीची तपासणी आणि फांद्या बारीक करणारं यंत्र मागा. शिवाय आजूबाजूच्या सोसायट्यांच्या सह्यांचं दुसरं पत्र द्या: कीडग्रस्त लाकडासाठी वृक्ष प्राधिकरणाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करा. अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुमारास मांडलं जातं, तेव्हा पत्र दिवाळीनंतर लगेच पोचलं पाहिजे. पोच घ्यायला विसरू नका.