चक्कर कानाची, तपासणी डोळ्यांची

प्रश्न : मी कोल्हापुरात अकरावी सायन्सला आहे. आजीला कूस बदलली की घर फिरल्यासारखं व्हायचं. दवाखान्यात एका ताईंनी तिच्या डोळ्यांवर बंद चष्मा लावून, कानात पाणी सोडून तपासणी केली. मला हे काम शिकायचंय. सहा महिन्यांचा टेक्निशियन कोर्स पुरेल का?

उत्तर : नाही, पुरणार नाही. मशीन चालवायला लवकर येतं. दिसणारा आलेख खरा की चुकीचा, हे ओळखणं हे खरं काम, आणि त्याला वेळ लागतो.

या तपासणीला व्हीएनजी (व्हिडिओनिस्टॅग्मोग्राफी) म्हणतात. आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्या थेट बघता येत नाहीत. पण मान हलली तरी नजर स्थिर राहावी म्हणून त्याच डोळ्यांना इशारे देतात. त्यामुळे कानातला बिघाड डोळ्यांच्या झटक्यांत दिसतो, आणि चष्म्यातला इन्फ्रारेड कॅमेरा अंधारातही ते टिपतो.

पाण्याच्या चाचणीत रुग्णाला डोकं ३० अंश उंच ठेवून निजवतात. प्रत्येक कानात एकदा ३० आणि एकदा ४४ अंश सेल्सिअसचं पाणी सोडतात, म्हणजे शरीराच्या तापमानाहून ७ अंश कमी आणि ७ अंश जास्त. दोन वेळांमध्ये पाचेक मिनिटं थांबायचं. दोन्ही कानांच्या प्रतिसादात साधारण २५ टक्क्यांहून जास्त फरक आला, तर एक बाजू कमजोर धरतात.

आणि चुका इथंच होतात. कानात मळ असेल तर पाणी आत पोचत नाही आणि चांगला कान कमजोर दिसतो. पडद्याला भोक असेल तर पाणी सोडायचंच नाही. म्हणून आधी कान बघायचा. डोळ्यांत काजळ असेल तर कॅमेरा बाहुली सोडून काजळाच्या मागं लागतो, आलेख उड्या मारतो. चक्करेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून साधारण ४८ तास आधी बंद ठेवाव्या लागतात. रुग्ण पेंगला तर डोळ्यांचे झटके मंदावतात. म्हणून त्याला बोलतं ठेवायचं : "आजी, पुण्याला जाताना कोणकोणती गावं लागतात?" पेठ नाका, कराड, सातारा असं ती मोजत राहिली की आलेख नीट येतो. माणसाला असं सांभाळणं तुला जमेल असं वाटत असेल, तर हे क्षेत्र तुझं आहे.

त्यासाठी बारावीनंतर बीएएसएलपी, म्हणजे ऐकण्या-बोलण्याच्या दोषांवरची पदवी, कर : तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. बायोलॉजी सोडू नकोस. महाराष्ट्रात सीईटी सेलमार्फत प्रवेश हवा तर 'नीट' (NEET) परीक्षा द्यावी लागते. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि म्हैसूरची 'आयश' (अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था) या केंद्र सरकारच्या संस्था आहेत, त्यांचे प्रवेशाचे नियम वेगळे वाच. कॉलेज कुठलंही असो, अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता हवीच. तिच्याकडे नोंदणी झाल्याशिवाय ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कानाची आणि तोलाची तपासणी करणारा तज्ज्ञ, म्हणून काम करता येत नाही.

कॉलेज बघायला जाशील तेव्हा एवढं नक्की विचार : व्हीएनजी मशीन आहे का, आणि इंटर्नशिपमध्ये ते विद्यार्थ्यांच्या हातात देतात का?