साताऱ्याच्या डोंगरी वाडीला मदत करायची तर सोलर पंप द्यावा की रोख पैसे?

पुण्यातल्या मित्रांनी मिळून दीड लाख जमवलेत आणि वाडी स्वतःच्या पायावर उभी राहावी असं काहीतरी करायचंय, असं तुम्ही लिहिलंय. मी पाटण तालुक्यातला, म्हणून सरळच सांगतो, फुकट काही देऊ नका.

आमच्याकडं पावसाला तोटा नाही, कोयना धरणाजवळच्या नवजा गावाला चांगल्या वर्षी 5000 मिलिमीटरच्या पुढं जातो, पण ते सगळं उतारानं कोयनेत जातं आणि मार्च संपला की बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात. आमच्या वाडीला काही देणगीदारांनी विहिरीवर मोटर आणि वर टाकी दिली होती. नारळ फुटला, टाकीवर नावं रंगवली. मी बैठकीत म्हटलं घरटी महिन्याला 50 रुपये काढू, मोटर कधीतरी जळणारच. तर मुंबईचे आमचे चुलते सगळ्यांसमोर उठले, म्हणाले लोकांनी धर्म केलाय आणि तू त्यावर पैसे गोळा करणार, लाज वाटत नाही का. वडील शेजारीच बसलेले, ते मान खाली घालून गप्प. दुसऱ्याच उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं, मोटर जळली. वायंडिंगचे साडेचार हजार द्यायचे कुणी यावर आठ महिने टाकी कोरडी.

मग आम्ही वरचा झरा धरला. जांभ्याच्या सड्यात, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट लाल खडकात, पाणी मुरतं आणि खाली काळा दगड लागला की कडेनं बाहेर पडतं, आमचा झरा मेमध्येपण करंगळीएवढा वाहतो. 1400 मीटर काळा पाइप एका संस्थेनं दिला पण अट घातली, घरटी हजार रुपये आधी बँकेत आणि चर तुम्ही खणायचा. 31 घरं, 19 दिवस खणत होतो. पाणी सोडलं तर टाकीत थेंब नाही! दोन दिवस नुसतं वरखाली. शेवटी आई मधल्या उंचवट्यावर पाइपाला कान लावून बसली, म्हणाली इथवर खुळखुळ येतंय, पुढं नाही. हवा अडकलेली. तिथं टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून कॉक बसवला, उघडल्यावर फुस्सकन हवा गेली आणि खालून पोरं ओरडली, आलं आलं. आज कुठला कॉक कुठं आहे हे वाडीतल्या शाळकरी पोरींनासुद्धा पाठ आहे. मोटर होती तेव्हा आम्ही कराडच्या मेकॅनिकची वाट बघत बसायचो.

आणि वर्गणी मागणं काय आमचंच खूळ नाही. जल जीवन मिशनमध्येपण गावातल्या कामाच्या खर्चाचा 10 टक्के लोकवाटा धरलाय, डोंगराळ भागात 5 टक्के. कोरेगाव तालुक्यातलं वेळू 2016 च्या पहिल्या वॉटर कपात, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या गावागावांतल्या पाणी अडवायच्या स्पर्धेत, पहिलं आलं, ते गावानं स्वतः टिकाव-घमेलं हातात घेतलं म्हणून.

तुमच्या पंपाचं म्हणाल तर आधी मेमध्ये वाडीवर जा, झऱ्याखाली बादली ठेवा, किती वेळात भरते बघा. झरा वस्तीच्या वर असेल तर पंप लागतच नाही. रोख एका माणसाच्या हातात अजिबात नको, ग्रामसभेचा ठराव घ्या आणि पैसे बायकांच्या बचत गटाकडं ठेवा, त्यांना पाण्याची किंमत डोक्यावरून कळलेली असते.

हां, एक राहिलं, जिथं घरात एकटी म्हातारीच आहे तिथं वर्गणी आणि खणणं दोन्ही मागू नका, आम्ही तशी तीन घरं सोडली होती. काही धनगरवाड्यांवर तर अख्ख्या वस्तीत खणायला चार तरणे हात नसतात, तिथं मजुरी तुम्हीच द्या. आणि पाइप वनखात्याच्या जमिनीतून जाणार असेल तर परवानगी आधी काढा.

चुलते गणपतीला येतात, त्याच नळाचं पाणी पितात आणि अजून म्हणतात पाण्याचे पैसे घेणं पाप. वर्गणीची सहा वर्षांची वही आईकडं आहे, त्या पैशातून दोनदा फुटका पाइप बदललाय, कुणापुढं हात पसरला नाही. वही त्यांच्यापुढं ठेवतो म्हटलं की वडील अजून नको म्हणतात.