वाचकांचे प्रश्न : जनावरांचे औषध आणि माणसाची त्वचा

प्रश्न : पशुधन विकास अधिकारी म्हणून तीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो. बैलाच्या शिंगाचा कॅन्सर काढायचा असो की मारक्या जनावराची जखम शिवायची असो, गुंगीसाठी आम्ही झायलाझिन वापरत असू. माझी पुतणी फिलाडेल्फियात परिचारिका आहे. तिकडे नशा करणाऱ्यांच्या हातापायांचे मांस याच औषधाने सडते, असे ती सांगते. मी ज्या जनावरांना हे इंजेक्शन दिले, त्यांतल्या एकाचेही कातडे सडल्याचे मला आठवत नाही. मग माणसांतच असे का व्हावे?
— एक निवृत्त पशुवैद्य, सातारा जिल्हा

उत्तर : आपली पुतणी सांगते ते खरे आहे आणि आपला अनुभवही खरा आहे. आपण एका जनावराला, वजन पाहून, बहुधा एकदाच हे औषध दिलेत. गाईबैलांना घोड्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याचा डोस पुरतो, हे आपणांस माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. फिलाडेल्फियातला माणूस मात्र ते दिवसातून अनेकदा, महिनोन्महिने आणि किती हे न कळता घेत असतो. बहुतेक वेळा तर त्याला ते हवेही नसते. तो फेंटानिल, म्हणजे हेरॉइनसारखीच नशा देणारे कृत्रिम औषध, विकत घेतो. फेंटानिलची नशा लवकर उतरते. ती लांबावी म्हणून विक्रेते त्यात स्वस्तातले झायलाझिन मिसळतात. ही भेसळ या शतकाच्या आरंभी प्वेर्तो रिकोत दिसू लागली. पुढे ती फिलाडेल्फियात इतकी रुजली, की २०२१ मध्ये तेथे तपासलेल्या हेरॉइन-फेंटानिलच्या नमुन्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक नमुन्यांत झायलाझिन निघाले. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने या मिश्रणाला अधिकृतपणे ‘उभा राहणारा धोका’ ठरवले.

आता त्वचेविषयी. सुई अस्वच्छ असली की टोचल्या जागी गळू होते, हे आपण नेहमी पाहतो. झायलाझिनच्या जखमा तशा नसतात. त्या बहुधा हाताच्या पुढच्या भागावर आणि नडगीवर, म्हणजे जेथे सुई कधी टोचलीच नव्हती अशा जागीही उठतात, आणि नशा केवळ ओढणाऱ्यांतही त्या आढळल्या आहेत. सुरुवात बारीक जांभळ्या ठिपक्यांनी किंवा फोडांनी होते, ते एकमेकांत मिसळतात, वर चामड्यासारखी काळी खपली धरते आणि दुर्लक्ष झाल्यास खाली स्नायुबंध आणि हाडसुद्धा उघडे पडते. हे नेमके कसे घडते याबद्दल तज्ज्ञांत अजून एकमत नाही. हे औषध त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आवळते आणि तेथील रक्तपुरवठा तोडते, हे एक कारण दिले जाते. त्यात तासन्तास गुंगीत एकाच अंगावर पडून राहणे, कुपोषण आणि रक्तक्षय यांची भर पडते. माझ्या मते एकच कारण शोधण्याचा हट्ट येथे उपयोगाचा नाही.

पुतणीला एक गोष्ट नक्की ठाऊक असेल, तरीही लिहितो. अफूजन्य औषधांवरचा उतारा असलेले नॅलोक्सोन झायलाझिनवर चालत नाही. पण सोबत फेंटानिल असतेच, म्हणून श्वास मंदावलेल्या रुग्णाला ते द्यायचेच असते. जखमांबाबत सांगायचे तर त्या ओलसर ठेवून नियमित पट्टी केली, तर पुष्कळशा भरून येतात. काळी खपली दिसली की अवयवच कापायचा, हा समज रुग्णाला दवाखान्यापासून दूर नेतो.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाला नेफ्रोटिक सिंड्रोम (मूत्रपिंडाचा आजार) आहे. आजार वारंवार उलटतो म्हणून डॉक्टरांनी दीड वर्षापासून लेव्हामिसोल सुरू केले आहे. कोकेनमधल्या लेव्हामिसोलमुळे लोकांचे कान काळे पडतात, असे वाचून मी घाबरले आहे. गोळी बंद करू का?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : आपल्या मनाने बंद करू नका. लेव्हामिसोल हे मूळचे जंतनाशक. शेळ्यामेंढ्यांना आजही ते पाजले जाते. मुलांच्या या आजारात ते स्टिरॉइडची गरज कमी करण्यासाठी देतात. कोकेनचे व्यापारी ते मिसळतात याचे एक कारण म्हणजे ते पांढरे, स्वस्त आणि दिसायला कोकेनसारखेच असते. २००९ पर्यंत अमेरिकेत जप्त झालेल्या कोकेनपैकी सुमारे ७० टक्के मालात ते सापडू लागले. त्या सुमारास कानाच्या पाळीवर, नाकाच्या शेंड्यावर, गालांवर आणि मांड्यांवर जाळीदार जांभळे-काळे चट्टे आलेले रुग्ण तेथील डॉक्टरांपुढे येऊ लागले. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कित्येकदा घटलेल्या असत.

गंमत अशी, की कानांचे हे लक्षण कोकेनच्या आधी आपल्या मुलासारख्याच मुलांत नोंदले गेले होते. दीर्घकाळ लेव्हामिसोल घेणाऱ्या, नेफ्रोटिक सिंड्रोम असलेल्या पाच मुलांची माहिती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध थांबवल्यावर त्यांचे चट्टे काही आठवड्यांत गेले. त्या जुन्या नोंदीमुळेच पुढे कोकेन घेणाऱ्यांच्या कानांकडे पाहताना डॉक्टरांना दोषी कोण ते ओळखता आले. हा परिणाम विरळा आहे. आपण दर आठवड्याला मुलाचे कान आणि गाल उजेडात पाहा, डॉक्टरांनी सांगितलेली रक्ततपासणी चुकवू नका. जांभळा डाग दिसला, किंवा ताप येऊन घसा दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. औषध थांबवायचे की नाही ते तेच ठरवतील.

प्रश्न : मुलगा ब्राऊन शुगर टोचून घेतो. पोटरीवर जखम झाली आहे, पण पोलिसांच्या भीतीने तो दवाखान्यात येत नाही. मी हळद भरते.
— नाशिक

उत्तर : ब्राऊन शुगर म्हणजे अशुद्ध हेरॉइनच. पुडीत काय मिसळले आहे, हे पाहून कुणालाच सांगता येत नाही. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २००९ पासून वर्षभरात ११९ जणांना दूषित हेरॉइनमधून अँथ्रॅक्सची लागण झाली आणि १४ जण दगावले. म्हणून जखमेभोवती लाली पसरत असेल, ताप, काळसर रंग, दुर्गंधी किंवा बधिरपणा असेल, तर आजच सरकारी रुग्णालयात न्या आणि काय टोचले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातील गुन्ह्यात सापडलेला व्यसनी सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. मात्र उपचार अर्धवट सोडल्यास ही सवलत जाऊ शकते. १४४४६ या राष्ट्रीय क्रमांकावर जवळचे केंद्र विचारता येईल. तोवर हळद भरू नका. उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुऊन स्वच्छ पट्टी बांधा.